ईयोबाचा राग आणि फादरांची चटई

फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "सर, फादर विन्सेंट गेले," चर्चचे तरुण धर्मगुरू म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढे जोडलं, "प्रभूची इच्छा." मी फोन ठेवून दिला. कसली डोंबलाची इच्छा? वलवणजवळ सहलीला आलेल्या गाड्यांची रांग आणि तिच्यात अडकलेली फादरांची अँब्युलन्स. यात देवाला कशाला ओढायचं?

फादर बायबलचे अभ्यासक, हिब्रूचे जाणकार. मी लोणावळ्यातला निवृत्त मराठी शिक्षक, माझ्या देव्हाऱ्यात गणपती. सगळं गमावल्यावर देवाशीच भांडणारा बायबलमधला ईयोब ते मराठीत आणत होते आणि भाषा तपासायला मी त्यांच्या खोलीवर जायचो, त्यांच्या चटईवर बसायचो. "तुमचा ईयोब फार सभ्य बोलतो, फादर. चिडू द्या की त्याला," मी म्हणायचो. ते हसून ओळ खोडायचे. एकदा म्हणाले, "मी गेलो की ईयोबाचं हे गाऱ्हाणं तुम्हीच वाचायचं."

त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मळवलीच्या सखूमावशींचा मुलगा गेला, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. फादर जमिनीवर बसले, अवाक्षर बोलले नाहीत. निघताना "येतो"सुद्धा म्हणाले नाहीत. दुःखाच्या घरी तसं म्हणत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. वाटेत म्हणाले, "ईयोबाचे मित्रही सात दिवस असेच गप्प बसले, सर. तोवर शहाणे होते. मग त्यांनी तोंड उघडलं..."

अंत्यविधीला तर तोंड उघडायची चढाओढच लागली. देवाची योजना, देवाची परीक्षा, तोचि आवडे देवाला... मी गाऱ्हाणं वाचायला उठलो, तर तरुण धर्मगुरूंनी अडवलं. "ते फार रागाचं आहे, सर. लोकांना दिलासा हवा." ज्या माणसाने त्या रागाला शब्द शोधण्यात आयुष्य घातलं, त्याच्याच शवपेटीपुढे राग चालत नाही? तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उतरलेली नाही.

फादरांना जाऊन महिना झाला, त्या दिवशीची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. सखूमावशी त्यांच्या चटईवर बसल्या होत्या. मीही बसलो. तेवढ्यात तरुण धर्मगुरू दारात आले. "सर, प्रभूने त्यांना..."

"फादर," मावशी म्हणाल्या, "आदी हितं खाली बसा. लय बोलला तुमी."

ते घुटमळले, चपला काढून बसले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मी फादरांचा ईयोब वाचला, पहिल्यापासून, मोठ्याने, एकही ओळ मऊ न करता. निघताना तिघांपैकी कुणीही "येतो" म्हणालं नाही.