उत्तरेकडच्या भिंतीची खाट

पहिल्या बाळंतपणाला मी चिंचवडच्या एका छोट्या दवाखान्यात होते. खाटांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या आणि प्रत्येक खाटेच्या उशाला भिंतीवर तांबड्या रंगात आकडा काढलेला होता. मला उत्तरेकडच्या भिंतीची तीन नंबरची खाट मिळाली. सासूबाई डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"दक्षिणंला पाय करून निजवलीय व्हय माझ्या सुनंला? मढं हाय का ती?"

मी उशी पायथ्याशी घेऊन पाहिली, पण नर्सबाई आल्या की ती परत जागेवर ठेवीत. सासूबाईंच्या घशाखाली पाणी उतरेना. समोरच्या आठ नंबरवर एक मुसलमान बाई होती. तिचं माहेर दापोडीचं, नवरा मोटारी दुरुस्त करायचा. ती म्हणाली, "मावशी, आणा तिला माझ्या खाटेवर. मला कुठंही झोप लागते, फक्त घरी लागत नाही."

नर्सबाई जेवायला गेल्या तेवढ्यात आम्ही दोघींनी आपापली पोरं आणि गोधड्या उचलून जागा बदलल्या. सासूबाईंचा जीव शांत झाला आणि त्या गावी परत गेल्या. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. काहीतरी आपण चुकीच्या जागी आहोत असं वाटत राहिलं, पण काय ते कळत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. नवीन लागलेल्या नर्सबाई हातात ट्रे घेऊन आल्या. त्यांनी भिंतीवरचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "आठ नंबर, कुशीवर वळा."

समोरच्या बाईला बाळंतपणानंतर ताप होता आणि तिला रोज पेनिसिलीन टोचत होते, हे मला ठाऊक होतं. लग्नाआधी चिखलीला माझ्या पायाला गळू झालं, तेव्हा तेच औषध दिलं होतं. घटकेत माझं तोंड सुजलं, गळा आवळला. डॉक्टरांनी वडिलांना बजावलं होतं, पुन्हा हे दिलंत तर पोरगी हाती लागणार नाही. दवाखान्यात आल्या आल्या मी थोरल्या नर्सबाईंच्या कानाशी लागून हे सांगितलं होतं. पण ते वहीत तीन नंबरपुढे लिहिलेलं होतं, आणि मी आठवर होते. माझे यजमान पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात होते. घरची भाकरी ज्या औषधावर, तेच मला सोसत नव्हतं.

सगळं डोक्यात एकदम आलं. ही सुई माझी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तयार होते, तोंड उघडत नव्हतं. बाळ शेजारी हात हलवत होतं. याला कोण पाजील, हे मनात आलं आणि तरीही मी कुशीवर वळले. स्पिरिटचा गार बोळा कातडीवर फिरला.

"ओ बाई, थांबा," समोरून आवाज आला. "ती सुई माझी आहे."

"तुम्ही तीन नंबर ना?" नवीन नर्सबाई म्हणाल्या.

"आकडा भिंतीचा आहे. ताप माझा आहे."

थोरल्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवायला लावली, मला पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?" मला रडू आलं. नवीन नर्सबाई ट्रे घेऊन मागं सरल्या. थोरल्या त्यांना रागावल्या नाहीत. "खाटा बदला, पण मला सांगून बदला," एवढंच आम्हाला म्हणाल्या.

त्या दिवसापासून औषधाआधी नाव विचारायचं ठरलं. त्यातही अडचण आली. आमच्यात एकाच नावाच्या तिघी होत्या, आणि पुरं नाव सांगायचं तर नवऱ्याचं नाव तोंडातून यायचं नाही. एकीने तर उखाणाच सुरू केला.

"अहो, उखाणा होईपर्यंत ताप उतरायचा," थोरल्या नर्सबाई म्हणाल्या, आणि सगळ्या खाटा हसल्या.

मग त्यांनी नावाबरोबर माहेर विचारायला सुरुवात केली. माहेर सांगायला कुणी लाजत नव्हतं. नवीन नर्सबाईंना त्यांनी माझ्यासमोरच बजावलं, "तुम्ही चिखलीच्या ना, असं विचारायचं नाही. ही बाई कशालाही मान हलवील. तिलाच सांगू द्या."

मी मान हलवली.

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी मला चैन नव्हतं. कुणाची पावलं वाजली की मी ट्रेमध्ये काय आहे ते पाहायची. बाळाला पाजतानाही नजर दाराकडे. समोरची बाई म्हणायची, "झोप गं जरा, मी बघते."

दुपारी नवीन नर्सबाई घाईत आल्या. त्यांच्या हातात औषधाचा प्याला होता. "चिखलीच्या ना तुम्ही? घ्या."

माझी मान खाली जाऊ लागली होती. मी ती थांबवली. त्यांचं मनगट धरलं.

"तसं नाही," मी म्हटलं. "नीट विचारा."

त्या ओशाळल्या. "माहेर कुठलं तुमचं?"

"चिखली."

आवाज एवढा मोठा निघाला की बाळ दचकून रडायला लागलं. समोरची बाई म्हणाली, "पोचलं बरं का, दिघीपर्यंत."

औषध माझंच होतं, रक्तवाढीचं. तरी ते कशाचं आहे हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मगच प्यायले.