आजारपणाला नवस नको

शालन गेल्याचं सांगायला तिची मुलगी वंदना सकाळीच घाटकोपरला आमच्या दारात आली. मी तिला जवळ घेतलं आणि आधी विचारलं, "फार त्रास झाला का गं?"

"नाही मावशी. चहा प्यायली, जरा पडते म्हणाली... आणि गेली."

रडू आलंच, पण छातीवरचं ओझंही उतरलं. आता काही आठवडे उलटल्यावर तर वाटतं, बाई सुटली, आणि मानाने सुटली.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही शेजारी बसून प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना केस लावायचो. ती मालवणकडची, नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, तोंडाने फटकळ. आमचे शेठ मनाचे चांगले. कोणी आजारी पडलं की खिशात हात घालायचे. पण त्यासाठी केबिनबाहेर ताटकळायचं, त्यांचा मूड बघायचा, डोळ्यांत पाणी आणायचं... कारखाना एवढासा, कामगार विम्याच्या कायद्याची सक्ती त्याला लागू नव्हती. एक दिवस शालन सरळ आत गेली. "शेठ, आमचा सगळ्यांचा आरोग्य विमा काढा ना." शेठ दुखावले. "मी आहे ना! तुला कधी नाही म्हटलंय?"

"तुम्ही देवमाणूस, शेठ. पण देवाला पण नवस बोलायला लागतो. आजारपणात नवस नको आम्हाला."

तुझ्या घरच्या आजारपणाचं सगळं मी बघतो, असं त्यांनी तिला एकटीला सांगून पाहिलं. तिने नाही म्हटलं. मी चिडले, "वेडी आहेस का?" तर म्हणे, "आणि तू आजारी पडलीस तर गं?"

पुढे शेठनाच हृदयविकाराचा झटका आला. ते इस्पितळात असतानाच आमच्यातल्या सुगंधाचं अपेंडिक्स फुटलं. शेठचा मुलगा म्हणाला, "पप्पांना येऊ द्या, मग बघू." आम्ही अंगावरचं किडुकमिडुक गहाण टाकून तिला वाचवलं. मग शालन पेजेचा डबा घेऊन शेठना भेटायला गेली. मी सोबत होते. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सुगंधा वाचली. तुमचा मुलगा वाईट नाही, शेठ. पण तो आम्हाला ओळखत नाही ना..." शेठ बरे झाले. कामावर परतले आणि आल्या आल्या सगळ्यांचा विमा काढला, आजारपणाच्या खाड्याचा पगार कापणंही थांबवलं.

त्यानंतर शालनच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ती चालत घरी आली. त्यासाठी वंदनाला कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. शालनने लेकीचं लग्न पाहिलं, नातू मांडीवर खेळवला. तिच्या तेराव्याला शेठ आले होते.

येता-जाता कोणाच्याही मानेला हाताची मागची बाजू लावून ताप बघायची तिला सवय होती. पूर्वी आम्ही मान चुकवायचो; ताप कळला तर खाडा होईल ही भीती. परवा गाळ्यात काम करताना नवी मुलगी खोकली, तर दोन्ही बाजूंनी तिच्या मानेवर हात गेले. तिने मान हलवलीसुद्धा नाही. मोठ्याने म्हणाली, "अंगात ताप आहे गं. उद्या डॉक्टरकडे जाते, येत नाही." आणि पुढची बाहुली उचलली.