आळीतले जिने

कुणाच्याही घरात शिरले की आमच्या आळीतले काका आधी आजूबाजूला बघायचे, मग टेकायचे. "बाहेर पडायचं कुठनं रं?" घरभरणीच्या जेवणालासुद्धा हेच. यजमानाचं तोंड कडू व्हायचं आणि आम्ही पोरं खाली माना घालून हसायचो.

मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात त्यांचा जन्म गेला. तिथे एकदा वायू सुटला आणि धुरात त्यांना दार सापडेना. जीव वाचला, पण निवृत्त होऊन शेलूला परतले ते ही भीती घेऊनच.

तुम्हाला आज सांगून पटायचं नाही, पण आमच्या आळीत कारवीच्या कुडाची घरं होती. प्रत्येकाला मागचं दार, दारामागे परसू. मग विटा आल्या, स्लॅब आले. भाडेकरू मिळायला लागले तसे मजले चढले. मागची दारं बुजवून तिथे मोऱ्या झाल्या, खिडक्यांना ग्रिल लागल्या. आतली जागा वाया जायला नको म्हणून प्रत्येकाने जिना बाहेर, रस्त्यात काढला. आम्हीही काढला.

काकांच्या मुलाने खालचे मजले भाड्याने दिले आणि बापाला तिसऱ्यावर नेलं. "वर हवा चांगली हाय," तो म्हणाला.

काका मला हळूच म्हणाले, "मला भ्या वाटतं रं. उद्या छातीत कळ आली, तर खाली कसा नेशाल मला?"

"काहीतरीच काय काका," मी म्हटलं. पण जिना उतरताना माझा एक खांदा काकांच्या भिंतीला आणि दुसरा शेजारच्या घराच्या भिंतीला घासत होता.

कळ आली ती भर दुपारी. ॲम्ब्युलन्स आळीच्या तोंडाशीच अडली. स्ट्रेचर वळेना, म्हणून आम्ही चौघांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. वळणावर खुर्चीही अडकली. वर जाईना, खाली येईना. काकांनी माझा शर्ट गच्च धरला. "सोडू नको," एवढंच म्हणाले. खुर्चीचे पाय मोडून त्यांना रस्त्यावर आणलं, तोवर ते गेले होते.

त्यांना पुन्हा वर न्यायची कुणाची छाती झाली नाही. आळीतच चटई टाकून त्यांना निजवलं. बुद्धवंदना सुरू झाली. हात जोडता जोडता माझी नजर वर गेली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर, ग्रिलला धरून आई उभी होती. तिचे गुडघे गेलेत. गेल्या पावसाळ्यापासून ती खाली उतरलेली नाही.