दोन्ही कानांत घाला, दाजी

पृथ्वीवरच्या यच्चयावत कानांची राखण देवानं माझ्या थोरल्या मेव्हण्यांवर सोपवली आहे. पलटणीत सिग्नलची नोकरी करून कुंडलला परतल्यापासून ते दुसरं काही करतच नाहीत. उसाचा ट्रॅक्टर पार पलूसला असतानाच त्याचा डावा स्पीकर फाटलाय, हे ते अंगणात बसून सांगतात. एकदा तर मोटरसायकलवरून पाठलाग करून त्यांनी तो दुरुस्त केला, आवाज निम्म्यावर आणला आणि ड्रायव्हरला दम भरला, "गड्या, ऊस बहिरा हाय, तू न्हाईस!"

दर रविवारी ते विश्रामबागेतल्या आमच्या चर्चमध्ये मिक्सरवर बसतात. स्टेजवरचे म्हशीएवढे स्पीकर हटवून त्यांच्या जागी गाणाऱ्यांच्या कानात घालायची इअरफोनची बोंडं त्यांनीच आणली. प्रत्येकाला आपल्यापुरतं हवं ते त्यातून ऐकू येतं. पण ती पहिल्यांदा वापरायच्या आदल्या दिवशी त्यांनी ग्रुपवर हुकूम सोडला, "उद्या सर्वांनी कानातलं घालायचं. दोन्ही. एक घालून चालणार नाही." झालं! बायका झुबे, वेल, ठेवणीतल्या कुड्या घालून आल्या. वरचा सूर लावणारे आमचे सत्तरीचे मास्तर तर बिचकत म्हणाले, "आवं, माझं कान टोचल्यालं न्हाईत. मी गायचं का नगं?"

माझी तऱ्हा याहून वाईट. ती बोंडं घातली की विहिरीत पडल्यासारखं वाटायचं, म्हणून एक काढून खिशात टाकायचो आणि दुसऱ्याचा आवाज वाढवत जायचो. त्यात मला गिटार हवी, ड्रम हवा, सगळ्यांचे गळे हवेत. स्वतःचा सूर तेवढा सापडेना. तीन रविवार मी सुरातून असा काही उतरलो की पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दादा, नाताळपर्यंत जरा विश्रांती घ्या." तीस वर्षं पहिलं गाणं माझं होतं हो! घरी येऊन जेवलो नाही.

बायकोनं भावाला फोन लावला असणार. शनिवारी सकाळी मेव्हण्यांनी मला चर्चमध्ये उभं केलं. माझ्या कानात काय काय चाललंय ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं दाजी, कान हाय का मार्केट यार्ड? समद्यांस्नी आत घेतलंय तुमी!" एकेक वाद्य बाहेर काढलं. उरला माझा गळा, पेटीचा सूर आणि ताल, तोही मंद. "आन् खिशातलं काढा. एक कान उघडा ऱ्हायला की दुसऱ्याचा बळी जातोय."

"पण लोक ऐकू येत नाहीत," मी म्हणालो. "मग गायचं कुणासाठी?"

मग त्यांनी स्टेजच्या कडेला लोकांकडे तोंड करून दोन माईक बांधले आणि त्यांचा आवाज चिमूटभर माझ्या कानात सोडला.

रविवारी पाळकसाहेबांच्या हातापाया पडून एक गाणं मिळवलं. दोन्ही बोंडं घातली. दुसऱ्या ओळीला लोक गाऊ लागले आणि ते सगळं चर्च, खोकल्यांसकट, माझ्या कानात आलं. माझा सूर त्यात सरळ उभा होता. "पुढच्या रविवारी पहिलं गाणं तुमचंच," पाळकसाहेब म्हणाले.

मी धावत मिक्सरपाशी गेलो, मेव्हण्यांच्या उजव्या खांद्याशी वाकून म्हणालो, "भाऊ, लय उपकार झाले." ते वायर गुंडाळत राहिले. पुन्हा म्हणालो. तेव्हा कुठे माझी सावली बघून वळले.

"काय म्हनलासा? त्या बाजूनं नगा बोलू, दाजी. त्यो कान पलटणीतच ऱ्हायला. लय वर्सं त्या एकाच कानाला हेडफोन फुल ठिवून ऐकलं."

मला हे कधीच कळलं नव्हतं. मी वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेलो आणि तेच पुन्हा, हळू आवाजात म्हणालो.