फ्राइजऐवजी सफरचंद

कुवेतमधल्या आमच्या सालमियाच्या शुक्रवार ग्रुपचे किस्से इतके साठलेत की एक निघाला की बाकीचे आपोआप मागून येतात. फक्त सफरचंदाचे किस्से कोणी काढत नाही. आज मीच काढते, कारण मला ते एकटीला सांभाळवत नाहीत.

सुरुवात तशी हसण्यासारखीच. एगैलाच्या मॉलमध्ये एक बर्गरवाला आहे. आत पोरांना खेळायला प्लॅस्टिकच्या मोठमोठ्या नळ्या. किड्स मीलमध्ये फ्राइज असतातच. त्याऐवजी सफरचंदाच्या फोडी हव्या तर तीनशे फिल्स जादा. आमचा प्रशांत रिफायनरीत इंजिनिअर, तो काउंटरवर अडूनच बसला. "तळलेलं फुकट आणि नुसतं कापलेलं विकत?" मागे रांग वाढत गेली. शेवटी त्याच्या पोरांनी फ्राइजच खाल्ले.

*

मेधाने मात्र कधी कुरकुर केली नाही. मेधा नाशिकची, माझ्या शेजारच्या फ्लॅटमधली. तिची ओवी पाच वर्षांची. घरी डाळिंब सोलून द्या, पोळीचा लाडू द्या, तोंड घट्ट बंद. वजन उतरत चाललेलं. आणि इथे ही बया सफरचंदाची पुडी घेऊन नळीत शिरायची आणि रिकामी पुडी घेऊनच बाहेर यायची! मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "पोटात जातंय ना, मग सोन्याच्या भावाने घेईन." झालं, दर शुक्रवारी एगैला.

*

एकदा प्रशांतने सवयीने मेधाचं बिल तपासलं. मील एक, सफरचंदं दोन. तो लगेच काउंटरवर. तिथली फिलिपिनो मुलगी गोड हसली आणि म्हणाली की तुमच्या छोटीनेच सांगितलं, भावालाही हवंय.

ओवीला भाऊ नाही. आम्ही खूप हसलो. मेधा जरा कमी हसली.

*

पुढच्या तपासणीत ओवीचं वजन आणखी उतरलेलं. डॉक्टर विचारू लागले, ही खाते तरी काय? मेधा शपथेवर सांगत होती, सफरचंद खाते हो, पुडी संपवते.

त्या शुक्रवारी मी चपला काढल्या आणि वाकून नळीत डोकावले. ओवी वळणापाशी मांडी घालून बसली होती. एकेक फोड उचलून वळणापलीकडे धरत होती, आणि हात रिकामा परत येत होता. कुरुम कुरुम आवाज येत होता. ओवीचं तोंड मिटलेलं होतं. मला फार भीती वाटली. मी तिला पाय धरून बाहेर ओढलं आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. तिकडचं तोंड दुरुस्तीसाठी फळी ठोकून बंद केलेलं होतं.

*

त्यानंतर एगैला बंद. प्रशांत म्हणाला, बरं झालं, पैसे वाचले. कोणी हसलं नाही.

काल संध्याकाळी मेधाने घरीच सफरचंद कापलं. मी तिथेच होते. ओवी बशी घेऊन पलंगाखाली शिरली आणि थोड्या वेळाने रिकामी बशी घेऊन बाहेर आली. मेधाने तिला मांडीवर घेतलं, जवळ ओढून तिचं तोंड हुंगलं. सफरचंदाचा वास नव्हता.

"कोणी खाल्लं, बाळा?"

"ही डिड," ओवी शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, आणि आईच्या गळ्यात हात टाकून हसली. "ही इज सो हॅपी, मम्मा. हिअर इट्स फ्री."