वहीत न आलेली पेज

१९५०च्या दशकात सिंदेवाहीकडच्या गावांत आहाराची पाहणी चालली होती, आणि मी तिच्यात मदतनीस होते. घरोघरी तीन-तीन दिवस चुलीशी बसायचं, शिजण्याआधी तांदूळ-डाळ तोलायची आणि कोण किती जेवतं ते वहीत लिहायचं. माझ्या तराजूतून शीतही निसटत नाही, असा माझा तोरा होता.

आणि माझ्याच घरात सासूबाईंच्या पायाची जखम भरत नव्हती. पाहणीतले डॉक्टर निळ्या दवेत लघवी उकळून साखर तपासत. सासूबाईंची दवा दर वेळी विटकरी व्हायची, म्हणजे साखर भरपूर. अंगानंही त्या जड होत्या. खाणं आवरलं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

"मी मूठभर भात खातो जी, जास्त नाई," सासूबाई म्हणाल्या.

"चोरून खात असतील," डॉक्टर मला हसून म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मी या कामावर जाते म्हणून अख्ख्या गावानं नाकं मुरडली, तेव्हा एकट्या त्या माझ्या पाठीशी उभ्या होत्या. ही बाई खोटं बोलणारी नव्हेच.

मी तराजू घेऊन आपल्याच चुलीशी बसले. जेवायला खरंच मूठभर भात. पण शिजलेला भात वेळून काढलेलं दाट पाणी, म्हणजे पेज, त्या मीठ घालून गडूभर प्यायल्या. मग मुलांच्या ताटांतलं उरलेलं निपटलं. संध्याकाळी पुन्हा तेच.

"आत्याबाई, हे सांगितलं काऊन नाही?" मी सासूबाईंना विचारलं.

"पेज का खाणं असते? फेकलं तं पाप लागते. अन् उरलंसुरलं बाईनं नाई खाल्लं तं कोण खाईल?"

आमच्या वहीत या खाण्याला रकानाच नव्हता. कितीतरी बायकांच्या नावापुढे मी 'अल्प आहार' असं ऐटीत लिहून आले होते, त्याची मला भारी शरम वाटली. डॉक्टरांपुढे वही आपटली आणि नवा रकाना आखूनच उठले.

पाय वाचला, हे आधीच सांगून टाकते. जखम भरायला सारा हिवाळा गेला.

मी चुलीशी बसले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेज म्हशीला. सासूबाईंना भाकर, डाळ आणि अंबाडीची भाजी, सगळं तोलून, आणि सगळ्यांच्या आधी. शेवटी बसल्या असत्या तर उरलेलं पुन्हा त्यांच्याच पुढे आलं असतं.

"आधी पोराले वाढ," त्या म्हणाल्या.

"पोराच्या पायाला जखम नाही. बसा."

अवघडून बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला आणि हात तिथंच थांबला.

"काय झालं? कच्ची आहे का?"

"नाई वो, गरम आहे." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "या घरी आल्यापासून गरम भाकर आजच खाऊन राह्यलो."