ठिकाण अज्ञात

नव्यानं झालेल्या जिल्ह्याच्या साहेबानं माझ्या बापाला फसवलं. कळकलेल्या तांब्याचा वास आला की मला तो दुष्काळ आठवतो. रेणापूरजवळची आमची विहीर खोल करताना बापाच्या कुदळीनं तांब्याच्या जुन्या नाण्यांचं गाडगं फुटलं. मी सराफाशी भाव ठरवून आलो, तोवर साहेब हजर. एकेक नाणं उचलून म्हणाला, "हे हैदराबादचं, हे पार सुरतेचं. तुमच्या गावातून व्यापार चालायचा, त्याचा हा पुरावा." बाप हरखला. "तू गप रे, दलाला! साहेब, पैसा नको. संग्रहालयातल्या पाटीवर गावाचं नाव तेवढं लिव्हा." साहेबानं शब्द दिला नि नाण्यांसकट गाडगं नेलं. बाप मरेपर्यंत विचारायचा, "लागली का रं पाटी?" परवा संग्रहालयात तेच फुटकं गाडगं दिसलं. पाटीवर लिहिलंय, 'ठिकाण अज्ञात'. माझ्या बापाचं गाव कुणी पुसलं? त्यानं समोर येऊन सांगावं.